‘पी-व्हॅल्यू’ देणारे रोनाल्ड फिशर आणि सिगारेटचा वाद

काही दिवसांपूर्वी ५२ वर्षांचे एक गृहस्थ खोकल्यासाठी माझ्याकडे आले होते. बरोबर त्यांची मुलगी होती. तीस वर्षांपासून सिगारेट, रोज एक पाकीट. छाती तपासली, एक्स-रे पाहिला आणि नेहमीचा सल्ला दिला, की आता सिगारेट बंद करा. त्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला होता. वैद्यकीय संशोधनात जी गणितं वापरतात ती शोधून काढणारे सर रोनाल्ड फिशर यांनीच सांगून ठेवलं आहे की सिगारेटमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा सूर होता. मुलगी वैतागली होती. मी हा मेसेज खोटा ठरवीन अशी तिची अपेक्षा असणार.

माझी पंचाईत झाली ती इथेच. फिशर खरोखरच होऊन गेले, आज जगभर नव्या औषधांची परीक्षा होते ती बऱ्याच अंशी त्यांच्या पद्धतीने होते, आणि सिगारेटबद्दल त्यांनी अशा अर्थाचं खरंच लिहिलं होतं. ओपीडीत बाहेर दहा जण बसलेले असताना ही सगळी गोष्ट सांगणं शक्य नव्हतं. ती इथे सांगतो. तुमच्या हातात कधी ना कधी अशी बातमी येतेच, की अमुक औषधाचा फायदा ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’ आढळला. त्या शब्दांमागे काय असतं हेही यातून कळेल.

कागद-पेन्सिलीशिवाय शिकलेलं गणित

रोनाल्डचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनच्या ईस्ट फिंचली भागातला. वडील कलावस्तूंचे लिलाव करणाऱ्या एका कंपनीत भागीदार होते, घरी सुबत्ता होती. तो चौदा वर्षांचा असताना आई पेरिटोनायटिसने गेली. पोटाच्या आतल्या आवरणाचा हा जंतुसंसर्ग आज वेळेवर ऑपरेशन आणि अँटिबायोटिक मिळाली तर बहुतेकदा बरा होतो. १९०४ साली तसा इलाज नव्हता. पाठोपाठ वडिलांचा धंदाही बुडाला.

मुलाची दृष्टी फार अधू होती. डोळ्यांवर ताण नको म्हणून दिव्याच्या उजेडात वाचायला बंदी होती. त्यामुळे हॅरो शाळेत संध्याकाळी त्याला गणित शिकवलं जाई ते कागद-पेन्सिल न वापरता, तोंडी. आकृत्या डोक्यातच काढायच्या, तिथेच फिरवायच्या, तिथेच उत्तर शोधायचं. पुढे आयुष्यभर ही सवय राहिली. फिशर यांना उत्तर आधी दिसायचं, आणि ते इतरांना पटवून द्यायच्या पायऱ्या लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा असे. त्यांचे लेख वाचताना मोठमोठे गणिती आजही अडखळतात. मी एमबीबीएसला असताना संख्याशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे, त्यामुळे माझी काय कथा.

शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला गेले, १९१२ साली पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात सैन्यात जायची इच्छा होती, पण डोळ्यांमुळे नकार मिळाला. काही वर्षं शाळेत शिकवलं. ते काम त्यांना अजिबात आवडलं नाही, आणि विद्यार्थ्यांनाही ते आवडले नसावेत. शेतीची मात्र हौस होती. १९१७ साली लग्न झाल्यावर घराजवळ थोडी जमीन आणि जनावरं ठेवून त्यांनी ती हौस भागवून पाहिली.

१९१९ साली दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक कार्ल पिअर्सन यांच्याकडून, म्हणजे त्या काळातल्या इंग्लंडच्या सर्वांत वजनदार संख्याशास्त्रज्ञाकडून. दुसरं हर्टफर्डशायरमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रातून. तिथली नेमणूक तात्पुरती होती. फिशर यांनी शेत निवडलं.

खताचा गुण की जमिनीचा?

रोथमस्टेडला १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. कुठल्या तुकड्यात शेणखत, कुठल्यात रासायनिक खत, किती गहू आला, किती पाऊस पडला याच्या नोंदींचे ढीग साठले होते. फिशर यांचं काम त्या ढिगातून काही अर्थ निघतो का ते पाहण्याचं होतं.

अडचण तुम्ही शेतकरी घरातले असाल तर लगेच ओळखाल. एका वाफ्यात नवं खत घातलं, शेजारच्यात घातलं नाही, आणि खत घातलेल्या वाफ्यात बटाटे जास्त निघाले. पण तो वाफा उताराच्या खालच्या बाजूला असेल तर? तिथे ओल जास्त टिकत असेल तर? एकाच शेताच्या दोन टोकांना माती सारखी नसते. मग जास्तीचे बटाटे खताने दिले की जमिनीने, हे सांगणार कसं?

बरेच जण यावर उपाय म्हणून नीट विचार करून, सारखे दिसणारे वाफे निवडत. फिशर यांनी याच्या उलट सांगितलं. शेताचे छोटे तुकडे पाडा, आणि कुठल्या तुकड्याला खत मिळणार हे तुम्ही ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. माणूस निवडायला बसला की नकळत आवडत्या खताला चांगली जमीन देतो. चिठ्ठीला आवड-निवड नसते. शिवाय ओल, दगड, कीड, सावली, ज्यांचा आपल्याला पत्ताही नाही अशा गोष्टीसुद्धा दोन्ही बाजूंना नशिबाने वाटल्या जातात. आणि नशिबाचा हिशेब गणिताने करता येतो.

आता वाफ्याच्या जागी रुग्ण आणि खताच्या जागी गोळी ठेवा. आजच्या औषध-चाचणीचा सांगाडा तयार झाला. डॉक्टरला नव्या औषधाबद्दल आशा असते, त्यामुळे तो नकळत जरा धडधाकट रुग्ण त्या गटात टाकू शकतो. म्हणून चिठ्ठ्या, किंवा आता कॉम्प्युटर. तुमच्या घरातल्या कुणाला चाचणीत सहभागी व्हायचं विचारलं आणि कुठला उपचार मिळेल हे चिठ्ठीवर ठरेल असं सांगितलं, तर तो निष्काळजीपणा समजू नका. सगळ्या खटाटोपाचा जीव त्या चिठ्ठीत आहे.

चहाचे आठ कप

रोथमस्टेडमध्ये दुपारच्या चहाला सगळे जमत. एकदा फिशर यांनी एक कप भरून शेजारी बसलेल्या डॉ. म्युरिएल ब्रिस्टल यांना दिला. त्या शेवाळांच्या अभ्यासक होत्या. त्यांनी तो नाकारला, कारण कपात आधी चहा ओतला होता आणि दूध नंतर. त्यांना दूध आधी घातलेला चहा लागे आणि चवीवरून आपल्याला फरक कळतो असा त्यांचा दावा होता. (आपल्याकडे सगळं एकाच पातेल्यात उकळत असल्याने घरोघरचा एक वाद वाचला आहे.) फिशर यांना ते पटेना. तेव्हा विल्यम रोच नावाच्या सहकाऱ्याने परीक्षाच घेऊ या असं सुचवलं.

या प्रसंगावरून फिशर यांनी १९३५ साली प्रयोगांच्या रचनेवरच्या पुस्तकात एक प्रकरण लिहिलं. आठ कप करायचे. चारांत दूध आधी, चारांत नंतर. कुठल्या क्रमाने पुढे ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. बाईंना सांगायचं की दोन्ही प्रकारचे चार-चार आहेत, दूध आधी घातलेले चार ओळखा.

मग सुरुवात एका गृहीतकाने करायची: बाईंना काहीही कळत नाही, त्या निव्वळ अंदाज करत आहेत. यालाच शून्य परिकल्पना म्हणतात. आठांतून चार कप निवडायच्या एकूण ७० रीती आहेत आणि त्यांतली एकच पूर्ण बरोबर. म्हणजे काही कळत नसतानाही सगळे कप बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १, साधारण १.४ टक्के. इतकं दुर्मीळ नशीब मानण्यापेक्षा बाईंना खरंच कळतं असं मानणं सोपं जातं.

त्या शक्यतेला पी-व्हॅल्यू म्हणतात.

आता समजा चारांतला एक कप चुकला. तीन किंवा त्याहून जास्त कप निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता किती? ७० पैकी १७, जवळजवळ २४ टक्के. एवढं तर कुणालाही जमेल. एका चुकीने निकाल कुठल्या कुठे गेला, कारण कप मोजके होते. बाईंना फरक कळत असूनही एखादा कप हातून निसटू शकतो. तेव्हा परीक्षेत पुरावा मिळाला नाही याचा अर्थ गुण नाहीच असा होत नाही. आठ-दहा रुग्णांवरच्या अभ्यासातून एखाद्या औषधाचा काही उपयोग नाही अशी बातमी तुम्ही वाचाल, तेव्हा हे आठ कप आठवा.

बाईंनी सगळे कप बरोबर ओळखले असं नंतर सांगितलं गेलं. फिशर यांनी पुस्तकात बाईंचं नावही दिलेलं नाही आणि निकालही नाही.

वीसात एक

दहा वर्षं आधी, १९२५ साली, त्यांचं संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक आलं होतं. डब्लिनच्या दारूभट्टीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने थोड्या नमुन्यांसाठीची एक चाचणी १९०८ मध्ये दिली होती. फिशर यांनी तिचं गणित पक्कं केलं, आणखी चाचण्या दिल्या आणि तयार तक्ते छापले. गणिताशी जेमतेम ओळख असलेल्या शेतीतज्ज्ञाला किंवा डॉक्टरला तक्त्यात बोट ठेवून उत्तर काढता येऊ लागलं. पुस्तक पसरलं ते यामुळे.

त्यात त्यांनी एक सोयीची रेषा सुचवली: पी-व्हॅल्यू ०.०५, म्हणजे वीसात एक. नशिबाने असा फरक वीसात एकापेक्षा कमी वेळा दिसत असेल तर त्याकडे लक्ष द्यायला हरकत नाही. लक्षणीय या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, लक्ष देण्याजोगा. एका प्रयोगावर शिक्कामोर्तब करावं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि तो क्वचितच फसला, तर गोष्ट सिद्ध झाली असं ते मानत. पुढच्या लोकांनी सोयीच्या रेषेचा उंबरठा केला. ०.०४९ म्हणजे पास आणि ०.०५१ म्हणजे नापास!

म्हणून रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून तीन गोष्टी लक्षात असू द्या. पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता तीन टक्के, असा अर्थ नाही. डॉक्टर मंडळीही इथे चुकतात, मीही चुकलो आहे. औषध निरुपयोगी आहे असं धरून चाललो, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ नशिबाने दिसण्याची शक्यता तीन टक्के, एवढंच ते सांगतं. दुसरं, फरक लक्षणीय म्हणजे मोठा असं नाही. हजारो लोकांवर चाचणी केली तर रक्तदाबातला एका अंकाचा फरकही लक्षणीय ठरू शकतो, पण त्यासाठी महिन्याला दोन हजार रुपये खर्चायचे का हा प्रश्न उरतोच. किती लोकांत किती जणांना फायदा झाला, हे डॉक्टरांना विचारा. तिसरं, निरुपयोगी टॉनिकसुद्धा वीस वेगवेगळ्या तक्रारींवर तपासलं तर एखाद्या तक्रारीत ते नशिबाने पास होण्याची चांगलीच शक्यता असते. जाहिरातीत मग तेवढीच तक्रार छापून येते.

शेतातून वॉर्डात

चिठ्ठ्यांची पद्धत दवाखान्यात आणली ती ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी. हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात त्यांना क्षयरोग झाला आणि ते राहून गेलं. ते संख्याशास्त्राकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं नवं औषध आलं, पण इंग्लंडकडे ते थोडंच होतं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं, त्यामुळे कुणाला द्यायचं हे चिठ्ठीवर ठरवणं अन्यायाचं ठरत नव्हतं. बंद लिफाफ्यांतून गट ठरले. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या वेळचा रूढ उपचार, म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. नशिबाने इतका फरक दिसण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी होती. १९४८ साली हे प्रसिद्ध झालं. औषध दिलेल्यांतही पुढे अनेकांच्या जंतूंनी स्ट्रेप्टोमायसिनला दाद देणं सोडलं. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधं देतात ती याच अनुभवामुळे. तुमच्या घरात कुणी टीबीचा कोर्स घेत असेल आणि एवढ्या गोळ्या कशाला असं विचारत असेल, तर उत्तर इथे आहे.

इथपर्यंत फिशर आणि हिल एकाच वाटेवर होते.

सिगारेट

इंग्लंडमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. हिल आणि तरुण डॉक्टर रिचर्ड डॉल यांनी कारण शोधायला घेतलं. गाड्यांचा धूर, रस्त्याचं डांबर असे संशय होते. त्यांनी लंडनच्या रुग्णालयांतले फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि त्याच वयाचे, दुसऱ्या आजारांचे ६४९ पुरुष. कॅन्सरच्या गटात धूम्रपान न करणारे निघाले फक्त २. दुसऱ्या गटात २७. १९५० साली हा लेख छापून आला तेव्हा त्यात पी-व्हॅल्यू होती ०.००००००६४. म्हणजे धूम्रपानाचा संबंध नसता, तर असा फरक नशिबाने दिसण्याची शक्यता पंधरा लाखांत एक. वीसात एक नव्हे, पंधरा लाखांत एक. हे अभ्यासाचं काम चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

ती संख्या ज्या नेमक्या पद्धतीने काढली जाते, तिला आपण आज फिशर यांच्याच नावाने ओळखतो. चहाच्या कपांचं गणित तेच.

फिशर यांना मात्र ते पटलं नाही. १९५७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने सिगारेटचे धोके लोकांपर्यंत पोचवण्याचा आग्रह धरला, तेव्हा फिशर यांनी त्याविरुद्ध पत्र पाठवलं. मग नेचरमध्ये लिहिलं, भाषणं दिली, १९५९ साली पुस्तिकाच काढली. त्यांचा मुद्दा असा. कॅन्सर आणि सिगारेट एकत्र सापडतात हे मान्य. पण कुणी सिगारेट ओढायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं होतं का? लोकांनी आपणहून ओढली. मग ओढणारे आणि न ओढणारे मुळातच वेगळे असू शकतात, उताराच्या वरच्या आणि खालच्या वाफ्यांसारखे. एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. किंवा कॅन्सरच्या आधीच्या अवस्थेत छातीत होणारी बारीक जळजळ शमवायला माणूस सिगारेट धरत असेल. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात, हा दाखला त्यांनी दिला. डॉल आणि हिल यांच्याच तक्त्यांत धूर आत ओढतो असं सांगणारे कॅन्सरच्या रुग्णांत किंचित कमी होते, यावरही त्यांनी बोट ठेवलं.

हे आक्षेप मूर्खपणाचे नव्हते. एकत्र दिसणं आणि एकामुळे दुसरं होणं यांतला फरक फिशर यांच्याइतका नीट फार थोड्यांना कळत होता. एखाद्या आहाराने डायबेटिस बरा होतो अशी बातमी वाचताना हाच प्रश्न तुम्हीही विचारला पाहिजे: तो आहार घेणारे लोक चालायलाही जात नव्हते ना?

चूक पुढे झाली. शंका काढल्यावर तिची परीक्षा घ्यायची असते, आणि दुसऱ्यांनी घेतली तर निकाल ऐकायचा असतो. डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून सवयी विचारल्या आणि पुढे कोण कशाने मरतं याची नोंद ठेवली. आता आधी सवय नोंदली जात होती, आजार नंतर येत होता. तरी निकाल तोच आला, आणि जितक्या जास्त सिगारेट तितका धोका जास्त, सोडणाऱ्यांचा कमी. अमेरिकेत जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये साधं गणित मांडलं. सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नऊ पट असेल आणि तो एखाद्या लपलेल्या गुणामुळे असेल, तर तो गुणही ओढणाऱ्यांत निदान नऊ पट जास्त असायला हवा. असा गुण कुणालाही दाखवता आला नाही. जुळ्यांचंही झालं. एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जोड्यांचा फिनलंडमध्ये पाठपुरावा झाला, तेव्हा ओढणाराच जास्त वेळा आधी गेला. हे फिशर यांच्या मृत्यूनंतरचं. पण कॉर्नफिल्ड यांचं गणित त्यांच्या हयातीतलं होतं.

मग इतका मोठा माणूस अडून का बसला? फिशर तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागार होते आणि त्याचा मोबदला घेत होते. ते स्वतः पाइप ओढत. लोकांना घाबरवून सवय सोडायला लावणाऱ्या मोहिमांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. मला वाटतं पैशापेक्षा स्वभावाचा भाग मोठा होता. त्यांना भांडण सोडता येत नसे. पिअर्सन यांच्याशी ते पिअर्सन जाईपर्यंत भांडले. त्यांच्या मुलाशी, एगॉन यांच्याशी, आणि जर्झी नेमन यांच्याशीही त्यांचा उभा दावा. त्या दोघांनी तर चाचण्यांत मोलाची भर घातली होती. खोटा इशारा ही एक चूक आणि खरा आजार नजरेतून सुटणं ही दुसरी, दोन्हींचा हिशेब आधी मांडा, असं ते सांगत. सिगारेटच्या बाबतीत फिशर यांनी फक्त पहिल्या चुकीची भीती बाळगली.

हेही सांगायला हवं की माणसांच्या ‘वंशसुधारणे’चे ते कडवे पुरस्कर्ते होते आणि १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याच विषयाचे प्राध्यापक होते. त्या विचाराने जगभर काय अनर्थ केला ते आपण जाणतो. केंब्रिजच्या त्यांच्या कॉलेजने त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी २०२० साली काढून टाकायचं ठरवलं. भारताशी मात्र त्यांचं नातं जिव्हाळ्याचं होतं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या संस्थेत ते येत, आणि सी. आर. राव यांनी केंब्रिजला त्यांच्याच हाताखाली पीएचडी केली. साताऱ्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच दशकात युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होते. परत येऊन त्यांनी भारतातल्या शेती संशोधनात संख्याशास्त्राची घडी बसवली, म्हणजे रोथमस्टेडची विद्या आपल्या शिवारापर्यंत आली.

१९६२

निवृत्तीनंतर फिशर ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडला राहायला गेले. मार्च १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानावरचा अहवाल काढला आणि सिगारेटमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो असं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी २९ जुलैला फिशर वारले. त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता आणि त्याचं ऑपरेशन झालं होतं. वय ७२. त्यांच्या अस्थी अॅडलेडच्या सेंट पीटर्स कॅथीड्रलमध्ये आहेत.

डॉक्टरांचा तो अभ्यास मात्र चालूच राहिला, तब्बल पन्नास वर्षं. ३४,००० हून जास्त पुरुष डॉक्टरांच्या नोंदींवरून डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली शेवटचा हिशेब मांडला. डॉल तेव्हा ९१ वर्षांचे होते. सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडणाऱ्यांनी त्यांतली साधारण तीन वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी दहा.

मेसेज दाखवणारे ते गृहस्थ ५२ वर्षांचे आहेत. पुढच्या भेटीत त्यांना हा शेवटचा हिशेब कागदावर लिहून दिला. खाली राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर लिहिला, १८००-११-२३५६. कागद मुलीने घडी करून पर्समध्ये ठेवला.